टर्बोडिझेल व्हॅनमधील निष्कास गळती

इंजिनात इंधन जळून तयार झालेला वायू धुराड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत न पोहोचता वाटेतील सैल सांधा, तडा किंवा गंजून पडलेले भोक यांतून बाहेर पडणे, याला निष्कास गळती म्हणतात. बरीच वर्षे चाललेल्या टर्बोडिझेल व्हॅनमध्ये हा दोष नेहमी आढळतो. मेकॅनिक मंडळी त्याचे वर्णन ‘सायलेन्सर फुटला’ किंवा ‘पॅकिंग गेले’ अशा शब्दांत करतात. हे दोन दोष मात्र एक नव्हेत. पहिला टर्बोच्या नंतरचा आहे, तर दुसरा बहुधा टर्बोच्या आधीचा. गळती टर्बोच्या कोणत्या बाजूला आहे यावर तिची लक्षणे, तिचा धोका आणि दुरुस्तीचा मार्ग अवलंबून असतो.

या दोषाकडे केवळ आवाजाचा उपद्रव म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. ती बरोबर नाही. व्हॅनमध्ये दहा-पंधरा माणसे एका बंद डब्यात तासन्तास बसतात आणि गळालेला वायू त्याच डब्यात शिरण्याच्या वाटा जुन्या गाडीत भरपूर असतात.

रचना

निष्कास झडपेतून सुटलेला वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतो. मॅनिफोल्ड ही बिडाची जाड नळी असते. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी तिचा एकेक फाटा असतो आणि पुढे हे फाटे एकत्र मिळतात. सिलिंडर हेड व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये गॅस्केट बसवतात. मराठी कारागिरांच्या तोंडी त्याला ‘पॅकिंग’ हाच शब्द आहे. मॅनिफोल्ड हेडवर स्टड आणि नट यांनी आवळलेला असतो. स्टड म्हणजे डोके नसलेली, दोन्ही टोकांना आटे असलेली छोटी सळई.

मॅनिफोल्डला लागूनच टर्बोचार्जर असतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली निष्कास वायूच्या ऊर्जेचा असा उपयोग करण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बाइनचे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. टर्बोनंतर वायू खाली उतरणाऱ्या नळीत येतो. तेथून लवचीक जोड, उत्प्रेरक कक्ष असल्यास तो, सायलेन्सर आणि शेवटची नळी असा त्याचा प्रवास होतो. अनेक इंजिनांत वायूचा काही भाग ईजीआर झडपेतून पुन्हा आत घेतला जातो. त्या फाट्याची नळी व तिचा शीतक ही गळतीची आणखी दोन ठिकाणे आहेत. घाईच्या तपासणीत नेमकी हीच पाहायची राहतात.

टर्बोच्या आधीच्या भागात इंजिनावर पूर्ण भार असताना तापमान ७०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते आणि आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या दुपटीपुढेही जातो. टर्बोनंतर मात्र दाब वातावरणापेक्षा थोडासाच जास्त राहतो. म्हणून पुढच्या भागातील केसाएवढी फट मागच्या भागातील बोटभर भोकापेक्षा अधिक नुकसान करू शकते.

कारणे

मॅनिफोल्डच्या गळतीचे मूळ कारण उष्णतेने होणारे प्रसरण हे आहे. ५० सेंटिमीटर लांबीच्या बिडाच्या मॅनिफोल्डचे तापमान ५०० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे पावणेतीन मिलिमीटरने वाढते. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडवर तो बसवलेला असतो, ते पाण्याने थंड राखलेले असते. तेवढ्याच लांबीत त्याचे प्रसरण एक मिलिमीटरही होत नाही. उरलेला फरक स्टडच्या भोकातील मोकळीक आणि गॅस्केटवरील सरकण यांतून भागवावा लागतो. गाडी सुरू होऊन तापते व बंद होऊन निवते, तेव्हा दर वेळी मॅनिफोल्ड पुढे-मागे सरकतो. टोकाच्या सिलिंडरांजवळ ही सरकण सर्वांत जास्त असते. त्यामुळे तेथील स्टड वर्षानुवर्षे वाकत राहतात आणि एके दिवशी तुटतात. भोके गंजाने भरली असतील किंवा कोणी नट गरजेपेक्षा जास्त आवळले असतील, तर सरकण्याला वाव उरत नाही. मग स्टड तरी तुटतो, नाहीतर मॅनिफोल्डला तडा जातो, किंवा तो कमानीसारखा वाकतो.

मागच्या भागाचा शत्रू पाणी आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात ही वाफ बाहेर निघून जाते. शाळेची किंवा डबे-पार्सलांची व्हॅन दर दोन किलोमीटरवर थांबत असेल, तर सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि वाफ आतच निवून साचते. इंधनातील गंधकामुळे हे पाणी आम्लयुक्त होते. भारतात डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा भारत स्टेज ३ मध्ये दशलक्ष भागांत ३५०, भारत स्टेज ४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये १० आहे. आम्लाचा त्रास त्यामुळे घटला असला, तरी पाणी तेवढेच राहिले. सायलेन्सर आतून कुजतो. वरून धड दिसणारा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला की आरपार जातो. कोकणपट्टीत व गोव्यात खाऱ्या हवेमुळे बाहेरूनही गंज चढतो.

तिसरे कारण हालचालीचे. इंजिन रबरी पायांवर बसवलेले असते आणि ॲक्सिलरेटर दाबताच ते बाजूला झुकते. सायलेन्सर मात्र गाडीच्या सांगाड्याला रबरी कड्यांनी टांगलेला असतो. या दोहोंमधील हालचाल लवचीक जोडाने झेलायची असते. इंजिनाचे पाय पिचले किंवा टांगण्याची कडी तुटली की सारा भार जोडावर येतो आणि त्याची पन्हाळीदार नळी फाटते. अशा वेळी फाटलेला जोड बदलून इंजिनाचे पाय तसेच ठेवले, तर नवा जोडही लवकरच जातो.

लक्षणे

टर्बोच्या आधीच्या गळतीने टर्बाइनला मिळणारी ऊर्जा वाया जाते. गाडी चढावर ओढत नाही, टर्बोचा जोर उशिरा येतो, दाबलेली हवा कमी पडल्याने काळा धूर वाढतो आणि इंधनही जास्त लागते. यांत्रिक पंप असलेल्या जुन्या इंजिनांत हे लगेच जाणवते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांत, टर्बोमध्ये हलणारी पाती असतील, तर नियंत्रक ती पाती अधिक मिटून घेऊन हवेचा दाब कसाबसा राखतो. लहान गळती अशी झाकली जाते. ती वाढली की मगच सूचनादिवा लागतो आणि गाडीची शक्ती मर्यादित होते. तोवर मॅनिफोल्डचा पृष्ठभाग गरम वायूने खरवडला गेलेला असतो.

टर्बोनंतरच्या गळतीने शक्तीत फारसा फरक पडत नाही. आवाज भसाडा होतो, गाडीच्या पोटाखालून फडफड ऐकू येते आणि आत धुराचा वास येऊ लागतो.

आवाजावरून जागेचा अंदाज बांधता येतो, आणि त्यामागे साधे गणित आहे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच वायू बाहेर टाकतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरचे सेकंदाला सहा ते सात फटके होतात. ही टिकटिक वेगवेगळी ऐकू येते. चार सिलिंडरांच्या इंजिनात फाटे एकत्र आल्यानंतर गळती असेल, तर सेकंदाला २६-२७ फटके पडतात आणि त्यांची अखंड भुरभुर होते. म्हणजे सुटी टिकटिक ऐकू आली तर एखाद्या सिलिंडरच्या तोंडाजवळ पाहावे आणि भुरभुर असेल तर पुढे पाहावे.

मॅनिफोल्डची टिकटिक थंड इंजिनात स्पष्ट असते आणि पाच-दहा मिनिटांत बंद होते. धातू फुगून फट बुजते, एवढाच त्याचा अर्थ. गाडी तापवून गॅरेजमध्ये नेणाऱ्याला ‘काही सापडत नाही’ असे उत्तर मिळते ते यामुळेच.

निदान

तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर, मोकळ्या जागेत आणि टर्बोच्या पुढून मागे या क्रमाने करणे उत्तम. प्रथम इंजिन सुरू न करता टॉर्चच्या उजेडात मॅनिफोल्ड, टर्बोचे सांधे आणि ईजीआरची नळी पाहावी. कोरड्या काजळीची पिसाऱ्यासारखी पसरलेली काळी रेघ म्हणजे गळतीचा सर्वांत भरवशाचा पुरावा. उष्णतारोधक पत्र्याची आतली बाजू पाहणे आवश्यक असते, कारण खुणा बहुधा तेथेच उमटतात. स्टड मोजावेत. तुटलेल्या स्टडचा नट अनेकदा केव्हाच पडून गेलेला असतो.

इंजिन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत सांध्यांजवळ हात नेला, तर वायूचे फटके त्वचेला जाणवतात. त्यानंतर मात्र हात तेथे नेऊ नये. पंख्याचा व पट्ट्याचा धोकाही लक्षात घ्यावा. अवघड जागी रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे सांध्याजवळ धरून आवाजाचा माग काढता येतो. साहाय्यकाने जाड ओल्या कापडाने मागच्या नळीचे तोंड काही क्षण अर्धवट दाबून धरल्यास आतील दाब वाढतो आणि टर्बोनंतरच्या लहान गळत्या बोलू लागतात. तोंड पूर्ण बंद करू नये. अगरबत्तीचा धूर मागच्या नळीच्या सांध्यांवर उपयोगी पडतो. इंजिनाजवळ पंख्याच्या वाऱ्याने तो भरकटतो आणि काहीच कळत नाही.

याहून चांगली पद्धत इंजिन बंद ठेवून करण्याची आहे. उलट्या बाजूने हवा फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी धुराड्याच्या तोंडाला लावून आत हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. जेथे फेस येतो तेथे फट असते. गाडी थंड असल्याने ही तपासणी निवांत करता येते. मोठ्या गॅरेजांत याच कामासाठी धूर सोडणारे यंत्र असते.

निदानात चुका होतात त्या प्रामुख्याने तीन दोषांच्या साधर्म्याने. इंजेक्टरखालील तांब्याची चकती निकामी झाली तर तशीच सुटी टिकटिक होते, पण इंजेक्टरभोवती डांबरासारखा कडक काळा थर जमतो. टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी फाटली तर भार पडताच शिट्टी वाजते, शक्ती घटते व काळा धूरही येतो. ही लक्षणे टर्बोआधीच्या निष्कास गळतीशी जवळपास जुळतात. फरक खुणेत आहे. हवेच्या नळीवर तेलकट ओल दिसते, निष्कास सांध्यावर कोरडी काजळी. तिसरा दोष झडपांमधील अंतर वाढण्याचा. त्याची टकटक इंजिन तापल्यावरही सहसा थांबत नाही आणि काजळी कुठेच सापडत नाही. केवळ ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीवरून टर्बो बदलून टाकण्याचा सल्ला दिला जातो. पॅकिंग व नळ्या तपासण्यापूर्वी तो स्वीकारण्यात शहाणपण नाही.

दुरुस्ती

मॅनिफोल्ड उतरवणे हेच या कामातील अर्धे कष्ट आहेत. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवसापासून गंज सोडवणारे तेल दोन-तीनदा टाकतात. नट एकाच दिशेने जोर लावून फिरवण्याऐवजी थोडा सैल, थोडा घट्ट असा खेळवत काढावा. तो हलत नसेल तर गॅसच्या ज्योतीने नटच तापवतात, म्हणजे तो फुगून स्टडवरची पकड सोडतो. ॲल्युमिनियमच्या हेडजवळ ही ज्योत जपून वापरावी लागते. लोखंड तांबडे होऊन इशारा देते, ॲल्युमिनियम मात्र रंग न बदलताच वितळते.

स्टड हेडच्या बाहेर थोडा उरून तुटला असेल, तर त्यावर नट बसवून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेच आटे सुटतात आणि तो नट पान्याने फिरवता येतो. आतच तुटलेल्या स्टडच्या अचूक मध्यात भोक पाडावे लागते. भोक तिरके गेले की हेडचे आटे जातात आणि तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवावे लागतात. तुटका स्टड काढण्याची टणक पोलादी हत्यारे जोर लावल्यास आतच तुटतात, आणि त्यांना साधे ड्रिल लागत नाही. अनुभवी कारागीर ती फार क्वचित वापरतात.

उतरवलेल्या मॅनिफोल्डचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर सरळ पट्टी ठेवतात आणि खालची फट फीलर गेजने मोजतात. फट निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर मॅनिफोल्ड लेथ-वर्कशॉपमध्ये नेऊन फेसिंग करून घेतात. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नुसते नवे पॅकिंग घालून जोरात आवळणे ही सर्रास आढळणारी पळवाट आहे. पॅकिंग काही महिने टिकते आणि पुढच्या वेळी सोबत स्टडही तुटतो.

तडा गेलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डचे वेल्डिंग अशक्य नाही. भाग आधी सारखा तापवणे, निकेलची सळई वापरणे आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत अगदी सावकाश निवू देणे, ही पथ्ये त्यासाठी पाळावी लागतात. तरीही शेजारी नवा तडा जाण्याची शक्यता राहते. भाग मिळत असेल तर बदलणे बरे. टर्बाइनच्या घराच्या आत वायूच्या तोंडाशी बारीक तडे दिसले, तरी ठरावीक मर्यादेपर्यंत ते चालवून घेतले जातात. बाहेरच्या भिंतीतून आरपार गेलेला तडा मात्र चालत नाही.

बसवताना नवे पॅकिंग, नवे स्टड आणि नवे नट घेतात. नटांवर तांब्याचा मुलामा असेल तर पुढच्या वेळी ते सुखाने निघतात. आवळणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्याने करावी. आठ मिलिमीटरच्या स्टडसाठी लागणारा पीळ सामान्यतः २० ते २५ न्यूटन-मीटर इतका कमी असतो. सवयीच्या हाताला तो अपुरा वाटतो, पण मॅनिफोल्डला सरकू द्यायचे असते हे विसरू नये. टर्बोच्या आधीच्या कोणत्याही सांध्याला सीलिंग पेस्ट लावत नाहीत. वाळलेला तुकडा सुटून लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्रावर आपटला, तर पाती तुटतात.

टर्बोनंतरच्या नळ्यांना हे बंधन नाही. एकात एक सरकणाऱ्या सांध्यांवर उष्णतारोधक पेस्ट चालते आणि प्रवासात अडल्यास धातूची पट्टी व क्लॅम्प गुंडाळून घरापर्यंत येता येते. फाटलेला लवचीक जोड कापून तेवढ्याच लांबी-व्यासाचा नवा जोड वेल्ड करतात. त्याच्या जागी सरळ नळी बसवण्याचा स्वस्त उपाय वाईट आहे. इंजिनाचे झुकणे मग थेट टर्बोच्या सांध्यावर येते. कुजलेल्या पत्र्यावर ठिगळही टिकत नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापावे लागते. गाडीखाली विद्युत वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढणे, अर्थिंगची पकड कामाच्या अगदी जवळ लावणे, डिझेलच्या नळ्या झाकणे आणि अग्निशामक हाताशी ठेवणे आवश्यक आहे.

काजळी-गाळणी असलेल्या अलीकडच्या व्हॅनमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाळणीतील काजळी जाळली जाते तेव्हा तेथील तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. त्या वेळी गाळणीजवळच्या सांध्यातून सुटलेला वायू वायरिंग व रबरी भाग जाळू शकतो.

आरोग्याचा धोका

डिझेलच्या धुरात पेट्रोलच्या धुरापेक्षा कार्बन मोनॉक्साइड बरेच कमी असते, कारण डिझेल इंजिन मुबलक हवेत इंधन जाळते. यावरून डिझेलची गळती निरुपद्रवी असल्याचा समज पसरलेला आहे. थंड इंजिन आणि हवा कमी पडलेले, काळा धूर ओकणारे इंजिन हा वायू अधिक सोडते, आणि टर्बोआधीची गळती नेमकी हीच अवस्था निर्माण करते. रक्तातील हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइडची ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक असते. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची पहिली लक्षणे होत. घाटातल्या प्रवासात ती ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. एकाच गाडीतील अनेकांना एकाच वेळी असा त्रास झाला, तर गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत उतरवावे आणि लक्षणे तीव्र असल्यास रुग्णालय गाठावे. वायूला स्वतःचा वास नसल्याने ‘धुराचा वास येत नाही’ ही खात्री पुरेशी नाही. शिवाय डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे व सूक्ष्म कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

व्हॅनचा आकारही या धोक्यात भर घालतो. डब्यासारख्या गाडीच्या मागे धावताना कमी दाबाची पोकळी तयार होते आणि धूर तेथे घुटमळतो. मागच्या दाराचे रबर झिजले असेल व पुढच्या काचा उघड्या असतील, तर हाच धूर मागून आत ओढला जातो. तळपत्र्यातील गंजाची भोके, वायरी जाण्याच्या जागचे निसटलेले रबर आणि इंजिनावरील झाकणाची सैल कडा या आणखी वाटा. गळती बुजवल्यानंतर या वाटाही बुजवल्या, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येते. मागच्या रांगेत बसणाऱ्या लहान मुलांच्या दृष्टीने, विशेषतः शालेय वाहतुकीच्या व्हॅनमध्ये, दाराचे रबर सायलेन्सरइतकेच महत्त्वाचे आहे.

नियम व तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार निष्कास वायू खाली किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडता येत नाही, तो मागे किंवा उजवीकडे सोडावा लागतो. सायलेन्सर असणेही बंधनकारक आहे. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी डिझेल गाडीची जी चाचणी होते, तीत गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबून मागच्या नळीतील धुराची अपारदर्शकता मोजतात. मॅनिफोल्डपासून मागच्या दारापर्यंत वायू कोठे सुटतो, याची नोंद या चाचणीत होत नाही. त्यामुळे वैध प्रमाणपत्र असलेल्या व्हॅनच्या आतही धूर शिरत असू शकतो. व्यावसायिक व्हॅनच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणापूर्वी ही थंड गाडीवरची तपासणी करून घेतल्यास दोष वेळीच सापडतो. दुरुस्तीनंतर गाडी दोन-तीन वेळा पूर्ण तापवून व निववून पुन्हा थंड अवस्थेतच सांधे पाहतात, आणि निर्मात्याने सांगितले असेल तरच नट पुन्हा आवळतात.